फुगलेले दोन कपॅसिटर आणि न फुगलेला तिसरा

तुम्ही लिहिलंय की १९ इंची एलसीडी मॉनिटर आहे, दहा-बारा वर्षं वापरलेला. गेले काही महिने बटण दाबलं की पुढचा दिवा लुकलुकत राहायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी एकदाचा पडदा उजळायचा. एकदा लागला की दिवसभर तक्रार नाही. आता मात्र आठवडाभर नुसतीच लुकलुक, पडदा काळा. मागचं झाकण काढून पाहिलंत तर १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचे दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे गोल डबे) डोक्यावर फुगलेले. घरात पडलेल्या एका जुन्या बोर्डावर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे आहेत. ते काढून लावले तर चालतील का, आणि हे दोनच बदलले तर पुरे का, असे तुमचे दोन प्रश्न.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: पुरे नाही. पहिल्याचं उत्तर: व्होल्ट जास्त असल्याने काही बिघडत नाही, पण जुन्या बोर्डावरचे काढून लावू नका. दोन्हींची कारणं पुढे येतील. त्याआधी एक गोष्ट वाचा आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापत ठेवा.

पॉवर सप्लायच्या बोर्डावर सगळ्यात जाडजूड जो एकटा कपॅसिटर दिसतो, बहुधा ८२ ते १५० मायक्रोफॅरड आणि ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला, त्याच्यावर २३० व्होल्टच्या मेन्सवर, म्हणजे भिंतीतल्या विजेवर, सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात. प्लग काढला म्हणून ते लगेच उतरत नाहीत. चालू स्थितीतला सप्लाय बंद करताना तो साठा स्वतःच वापरून टाकतो. बिघडलेला सप्लाय मात्र मुळात चालतच नसतो, त्यामुळे त्याच्यावरचा चार्ज तसाच रेंगाळतो. म्हणजे नेमका दुरुस्तीला आलेला बोर्डच जास्त धोक्याचा. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, मल्टिमीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवून त्या कपॅसिटरचे दोन्ही पाय मोजा. १० व्होल्टच्या वर काही दिसलं तर १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पक्कडीत धरून दोन्ही पायांवर दहा सेकंद टेकवा आणि पुन्हा मोजा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे बरेच भेटतात. ठिणगी उडते, पाय किंवा ट्रॅक जळतो आणि दचकून हात नको तिथे आपटतो. तो प्रकार नको.

आता निदान. ‘वीस मिनिटं लुकलुकतो आणि मग लागतो’ हे तुमचं वाक्य वाचलं तिथेच निम्मं काम झालं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मध्ये द्रवात भिजलेला कागद, अशी गुंडाळी असते. ते द्रव म्हणजे इलेक्ट्रोलाइट. वर्षानुवर्षं उष्णतेत राहून ते सुकत जातं किंवा त्याची रासायनिक वाट लागते, आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. थंड असताना हा रोध आणखी जास्त, गरम झाला की कमी. सप्लाय चालू व्हायला बघतो, बाहेर येणारं व्होल्टेज डुगडुगतं, कंट्रोल आयसी, म्हणजे सप्लाय चालवणारी चिप, घाबरून बंद करतो, परत प्रयत्न करतो. ती लुकलुक म्हणजे हे चाललेले प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नात कपॅसिटर थोडा तापतो, आणि वीस मिनिटांनी एवढा तापतो की कसाबसा काम करू लागतो. पुढे तोही जीव उरत नाही. मग तुमची आत्ताची अवस्था.

खात्री करायची असेल तर सोपी युक्ती आहे. प्लग काढलेला असताना हेअर ड्रायरने त्या फुगलेल्या कपॅसिटरच्या भागावर मिनिट-दीड मिनिट गरम हवा मारा. ड्रायर बाजूला ठेवा, हात लांब घ्या, मग प्लग लावून बटण दाबा. पडदा चटकन आला तर दोष कपॅसिटरचाच, यात मला तरी शंका उरत नाही. आला नाही तर मात्र कपॅसिटर निर्दोष ठरत नाहीत. काही इतके मेलेले असतात की ऊब देऊनही उठत नाहीत.

मल्टिमीटरवर कपॅसिटन्स मोजून ‘९२० दाखवतोय, म्हणजे चांगला आहे’ असं ठरवू नका. साधं मीटर अगदी कमी वेगाने चार्ज करून मोजतं. सप्लायमध्ये त्याच कपॅसिटरला सेकंदाला साठ हजार ते लाखभर वेळा करंट घ्यावा-द्यावा लागतो. तिथे ईएसआर महत्त्वाचा. या मापाच्या नव्या, चांगल्या कपॅसिटरचा ईएसआर काही शतांश ओहम असतो. बिघडलेल्याचा अर्धा ओहम, एक ओहम, कधी त्याहून जास्त भरतो. ईएसआर मीटर असेल तर उत्तम. नसेल तर वयाचा आणि लक्षणांचा हिशेब पुरतो, कारण आपण तसेही सगळेच बदलणार आहोत.

सगळेच का? बोर्डावर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे हीटसिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीला) लावलेले डायोड दिसतील. त्यांच्यानंतर एक कपॅसिटर, मग तांब्याच्या तारेचं छोटं कॉइल, मग दुसरा कपॅसिटर अशी रचना असते. डायोडला लागून असलेला पहिला कपॅसिटर बहुतेक सगळा रिपल करंट, म्हणजे सतत चढउतार करणारा करंट, अंगावर घेतो, म्हणून तो आधी फुगतो. दुसरा कॉइलच्या आडोशाला असतो, त्याचं डोकं सपाट राहतं. पण वय दोघांचं तेवढंच आणि हीटसिंकची धग दोघांनाही. इलेक्ट्रोलिटिकचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. डब्यावर १०५ अंश आणि डेटाशीटमध्ये २००० तास असेल तर ८५ अंशांवर ८००० तास आणि ६५ अंशांवर ३२००० तास. रोज आठ तास मॉनिटर चालला तर पहिल्या हिशेबाने तीन वर्षंही पुरी होत नाहीत, दुसऱ्याने जवळपास अकरा वर्षं निघतात. एकाच बोर्डावर हीटसिंकला चिकटलेला कपॅसिटर आणि दोन इंच लांब असलेला कपॅसिटर यांच्यात एवढा फरक पडू शकतो. हीटसिंकला खेटून कपॅसिटर का बसवतात, हे मला आजवर कळलेलं नाही. बोर्ड चार मिलिमीटर लांब केला असता तरी पुष्कळ मॉनिटर वाचले असते.

आणि आता तो तिसरा. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, मेन्सच्या बाजूला, कंट्रोल आयसीच्या शेजारी एक चिमुकला कपॅसिटर असतो. २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, करंगळीच्या नखाहून बारीक. आयसीला स्वतःला चालायला लागणारी वीज हा साठवतो. सुरुवातीला त्याच्यातल्या साठ्यावरच आयसी उठतो, आणि ट्रान्सफॉर्मरकडून स्वतःचा पुरवठा सुरू होईपर्यंत त्याच साठ्यावर तगतो. हा सुकला की साठा अपुरा पडतो, आयसी उठतो न उठतो तोच झोपतो. लक्षण पुन्हा तेच: लुकलुक किंवा टिक-टिक आवाज. आणि हा जवळजवळ कधीच फुगत नाही. एवढ्या लहान डब्यात वायू साठून वरचं झाकण उचलण्याइतकं द्रवच नसतं, तो मुकाट्याने सुकतो.

मी शिकाऊ असताना याच्यापायी फजिती झाली होती. एकाच्या मॉनिटरमधले चार फुगलेले कपॅसिटर बदलले, पडदा आला, मोठ्या तोऱ्यात परत दिला. सोळाव्या दिवशी तोच मॉनिटर परत, तीच लुकलुक. सगळे सोल्डर पुन्हा तपासले, डायोड तपासले, दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी वैतागून आयसीजवळचा ४७ मायक्रोफॅरडचा काढून मोजला तर मीटरवर ३ च्या पुढे आकडा जाईना. तेव्हापासून तो मी न मोजताच बदलतो.

तेव्हा कागद घ्या आणि बोर्डावरच्या प्रत्येक इलेक्ट्रोलिटिकची नोंद करा: बोर्डावर छापलेला क्रमांक, मायक्रोफॅरड, व्होल्ट, डब्याचा व्यास आणि उंची. सेकंडरीकडचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे, सगळे आणि आयसीजवळचा तो छोटा, एवढे बदलायचे. मोठा ४०० व्होल्टवाला फुगलेला किंवा खालून ओलसर नसेल तर राहू द्या; तो सहसा तग धरतो. मेन्सच्या तोंडाशी असलेला पिवळा चौकोनी आणि निळे चकतीसारखे कपॅसिटर हे वेगळ्या जातीचे, सुरक्षेसाठी खास प्रमाणित केलेले असतात. त्यांना हात लावायचं कारण नाही, आणि कधी लावावा लागलाच तर त्याच वर्गाचेच बसवावेत.

नवे घेताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा. व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर. १० व्होल्टच्या जागी १६ मी आवर्जून घालतो, कारण ५ व्होल्टच्या लाइनवर १० ठीक असला तरी १६ वाल्याचा डबा थोडा मोठा असतो आणि ईएसआरही बऱ्याचदा थोडा कमी मिळतो. २५ व्होल्टचा विजेच्या दृष्टीने चालतो, पण डबा जाड येतो आणि मग तो शेजारच्या हीटसिंकला टेकतो किंवा झाकण बसत नाही. व्यास आणि पायांमधलं अंतर म्हणून मोजायचं. डब्यावर १०५ अंश हवेत, ८५ नकोत. आणि ‘लो ईएसआर’ मालिकेचाच हवा. साधा, सर्वसाधारण कामाचा कपॅसिटर इथे महिन्या-दोन महिन्यांत आडवा होतो. पॅनासॉनिकची एफआर किंवा एफएम मालिका, निचिकॉनची एचई, रुबिकॉनची झेडएलएच, यांपैकी काहीही डोळे झाकून वापरा. मात्र नामांकित नावाचे नकली डबे फिरत असतात, तेव्हा खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

तुमच्या जुन्या बोर्डावरचे का नकोत, तेही यात आलंच. ते कोणत्या मालिकेचे हे माहीत नाही, किती तापले हे माहीत नाही. शिवाय वर्षानुवर्षं नुसते पडून राहिलेल्या कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर क्षीण होतो. त्यातून तो बोर्ड २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला असेल तर विचारच सोडा. त्या काळात तैवानमधल्या काही उत्पादकांच्या कपॅसिटरमध्ये सदोष इलेक्ट्रोलाइट गेलं होतं. त्यातल्या पाण्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार व्हायचा आणि डबे रांगेने फुगायचे. डब्याच्या डोक्यावर फुलीसारख्या किंवा रोमन के अक्षरासारख्या खाचा असतात ना, त्या याचसाठी: आत दाब वाढला तर स्फोट न होता तिथून वाट मिळावी.

मॉनिटर उघडण्याबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही उघडलाच आहे. फक्त बोर्ड बाहेर काढताना बॅकलाइटच्या जाड तारांचे कनेक्टर तारेला धरून ओढू नका, आणि पुढच्या बटणांची चपटी केबल फार नाजूक असते एवढं ध्यानात ठेवा. प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा. विशेषतः कपॅसिटरच्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीची दिशा त्यात स्पष्ट दिसली पाहिजे.

हा फोटोचा आग्रह उगाच नाही. डब्यावरची पट्टी म्हणजे निगेटिव्ह, हे पक्कं. बोर्डावर वर्तुळाचा रंगवलेला अर्धा भाग म्हणजेही निगेटिव्ह, हे बहुतेक वेळा खरं. बहुतेक वेळा. काही बोर्डांवर रंगवलेला भाग पॉझिटिव्ह असतो. मी एकदा फोटो न काढता छापील खुणेवर भरवसा ठेवला. प्लग लावल्यावर पाच सेकंद काही नाही, मग ‘फट्ट’. पांढरी वाफ, डब्याची टोपी उलगडलेली, आणि कुजक्या मासळीसारखा वास दोन दिवस टेबलाला. जुना डबा ज्या दिशेने बसलेला होता तीच दिशा खरी, छापलेलं काहीही असो.

सोल्डरिंगचा भाग संयमाचा आहे. हे बोर्ड बहुधा एकाच बाजूला तांबं असलेले, तपकिरी, स्वस्त जातीचे असतात. जास्त तापवलं की तांब्याचा पॅड पापुद्र्यासारखा सुटून येतो. वर त्यातला टाका (सोल्डरचा जोड) शिसेविरहित असेल तर तो २१७ अंशांच्या आसपास वितळतो आणि चिवटही असतो. युक्ती अशी की जुन्या टाक्यावर आधी थोडी नवी, ६०-४० ची शिसंयुक्त सोल्डर वायर वितळवून मिसळायची. मिश्रण कमी तापमानाला वितळतं आणि जास्त वेळ ओलं राहतं. काढताना वाटेल की आपण घालतोय काय, पण हेच बरोबर आहे. मग आयर्न ३५० अंशांवर ठेवून एका पायाला तीन सेकंद, तिकडे डबा किंचित झुकवायचा; दुसऱ्या पायाला तीन सेकंद, इकडे झुकवायचा. दात डुलवून काढतात तसं. ओढाताण केलीत की पॅड गेलाच. डबा निघाल्यावर भोकं डीसोल्डरिंग पंपाने किंवा तांब्याच्या वातीने साफ करा. राहिलीच तर टाका वितळलेला असताना टूथपिक आरपार घाला. टाका लाकडाला चिकटत नाही.

पॅड निघालाच तर रडू नका. नव्या कपॅसिटरचा पाय लांब ठेवून ट्रॅकवर आडवा घ्या, ट्रॅकवरचा हिरवा लेप खरवडा आणि तिथे टाका द्या.

डब्यांखाली काही तपकिरी, चिकट दिसलं तर दोन शक्यता असतात. ते गळलेलं इलेक्ट्रोलाइट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पुसा, कारण ते तांबं खातं. किंवा कारखान्यात डबे हलू नयेत म्हणून लावलेला गोंद असेल. नवा असताना तो पिवळसर आणि निरुपद्रवी असतो, पण वर्षानुवर्षं तापून काळपट झाला की त्यातून वीज वाहू लागते. काळवंडलेला गोंद खरवडून काढाच. कधीकधी तोच खरा चोर निघतो.

सगळे बसले की लगेच प्लगकडे धावू नका. पाय कापा, दोन टाके एकमेकांना टेकत नाहीत ना ते भिंगातून पाहा, आणि ५ व्होल्टच्या लाइनपासून सेकंडरीच्या ग्राउंडपर्यंत मीटरची कंटिन्युइटी (जोड असेल तर बीप वाजवणारी तपासणी) लावा. क्षणभर बीप होऊन थांबली तर कपॅसिटर चार्ज होतोय, ठीक. सतत वाजत राहिली तर शॉर्ट आहे, थांबा आणि शोधा. पहिल्यांदा वीज देताना लाइनमध्ये ६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर मेन्सची बाजू ठीक आहे. भगभगीत पेटून राहिला तर प्रायमरीत, म्हणजे मेन्सच्या बाजूला, शॉर्ट आहे, पण निदान फटाका तरी फुटला नाही. सिरीज बल्बवर बॅकलाइट पूर्ण लागेलच असं नाही, ती परीक्षा बल्ब काढल्यावर घ्या. व्होल्टेज मोजताना मीटरची काळी तार सेकंडरीच्या ग्राउंडलाच लावा. प्रायमरीचं ग्राउंड वेगळं असतं आणि ते थेट मेन्सला जोडलेलं असतं, दोघांची गल्लत जिवावर बेतू शकते. ५ व्होल्टची लाइन ४.९ ते ५.२ मध्ये स्थिर दिसली पाहिजे, आकडा नाचता कामा नये.

तुमच्या लक्षणांवरून इथेच काम होईल असं वाटतं. तरी दोन वेगळे प्रकार सांगून ठेवतो, कारण लोक त्यांनाही कपॅसिटरच समजून बसतात. फ्यूज उडालेला असेल तर तो फुगलेल्या डब्यांमुळे सहसा उडत नाही. मॉसफेट (सप्लायचा मुख्य स्विच) किंवा ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) शॉर्ट झालेला असतो. नवा फ्यूज किंवा, देव न करो, तार घालून पाहू नका. दुसरा प्रकार: दिवा स्थिर आहे, पडदा येतो आणि दोन सेकंदांत काळा होतो. तेव्हा अंधारात टॉर्च तिरपी धरून पडदा पाहा. पुसट चित्र दिसलं तर सप्लाय आणि मुख्य बोर्ड दोन्ही ठीक, बॅकलाइट गेली आहे. ट्यूबवाल्या जुन्या मॉनिटरमध्ये हा इन्व्हर्टरचा (ट्यूबला जास्त व्होल्टेज देणाऱ्या भागाचा) किंवा ट्यूबचाच दोष असतो. सी ५७०७ नंबरचे ट्रान्झिस्टर असतील तर आधी ते तपासा. चालू इन्व्हर्टरच्या बाहेरच्या टोकांना मात्र मीटर लावू नका, तिथे चालू असताना सातशेच्या आसपास आणि सुरू होताना हजारावर व्होल्ट असतात. साधं मीटर तिथेच संपतं.

आणि सगळे बदलूनही लुकलुक थांबली नाही तर प्लग काढून सप्लाय आणि मुख्य बोर्ड यांच्यामधली केबल सोडवा, पुन्हा वीज द्या आणि ५ व्होल्टची लाइन मोजा. केबल नसताना आकडा स्थिर राहिला तर सप्लाय तुम्ही दुरुस्त केलेला आहे आणि ओढणारा पलीकडे बसलाय. मुख्य बोर्डावर ३.३ आणि १.८ व्होल्टचे तीन पायांचे छोटे रेग्युलेटर असतात. दोन मिनिटं चालवून प्लग काढा, बोट लावून कोणता चटका देतो ते पाहा, आणि त्याच्या शेजारच्या कपॅसिटरपासून सुरुवात करा.